पोट मऊ

३ मार्च, सोमवार

दादा,

नमस्कार. तू बरा असशील. मी बरी आहे, आई बरी आहे. पत्राच्या सुरुवातीला जे लिहायचं असतं ते लिहून झालं, आता बोलते.

तुझा फोन बारा दिवस बंद आहे. मावशीकडे केला की ती म्हणते, "अगं, आत्ताच डोळा लागला बघ त्याचा." सकाळी दहाला करा, संध्याकाळी सहाला करा, तुझा डोळा आत्ताच लागलेला असतो. मावशीला खोटं बोलता येत नाही, बोलायला लागली की तिचा आवाज चढतो. या वयात तिला हे उद्योग करायला लावलेस. म्हणून पत्र लिहिते आहे.

आईला तू सांगून ठेवलंयस की अभ्यासाच्या सुट्टीवर मावशीकडे आलोय. ती रोज फोनवर विचारते, दादाचा अभ्यास कुठवर आला. मी म्हणते, जोरात चाललाय. तुला कामावरून बाजूला केलंय, सतरा तारखेला चौकशी समिती बसणार आहे आणि तिने मनात आणलं तर मे महिन्यातल्या शेवटच्या परीक्षेला तुला बसता येणार नाही, यातलं एक अक्षर तिला माहीत नाही. ती तिकडे शेजारपाजारी सांगत सुटली आहे, आमचा मोठा आता सर्जन झालाच म्हणून. तिची समजूत कोण काढणार ते तूच ठरव.

वॉर्डाच्या बातम्या अशा. तुझ्या जागी शेजारच्या युनिटमधला तो ढेरपोट्या आणला आहे. तो टाके काढायलाही सिस्टरना हाक मारतो. इन्चार्ज सिस्टर रोज सकाळी विचारतात, "मोठे डॉक्टर कधी येणार?" आणि विचारताना माझ्याकडे जरा जास्त वेळ बघतात. दहा महिने झाले तरी मी इथे अजून धाकटीच आहे. कधीकधी वाटतं, माझ्या ओळखपत्रावरही तेच छापलं असेल.

बुधवारचा मोकळा तास बंद पडला असेल असं तुला वाटत असेल तर तसं काही नाही. तीच फिजिओथेरपीची खोली, लोकांना चालायला शिकवायच्या त्या दोन दांड्या, बाजूला प्लास्टिकच्या अकरा खुर्च्या गोल मांडलेल्या, मधे कागदी रुमालांचा डबा. भिंतीवर नियमांचा तक्ता. फोन बंद. सल्ला देऊ नका. प्रत्येक वाक्य स्वतःपासून, म्हणजे 'मी'पासून सुरू करा. इथलं बोलणं इथेच राहील, रुग्णाचं नुकसान झालेलं असेल तर मात्र नाही. आणि हम्म बाई. मानसोपचार विभागात त्यांना खरं नाव असेलच, पण कुणी काहीही सांगितलं तरी त्या फक्त 'हम्म' म्हणतात त्याला आपण काय करणार. दर बुधवारी दोन ते तीन आपल्याला मन असतं, तीन वाजता ते खुर्च्यांबरोबर आवरून ठेवायचं. शेवटी वहीत 'व्यावसायिक वर्तन' या रकान्यात हजेरी.

हे तुला सांगायची गरज नाही, पण तू त्या गोलात बोलणाऱ्याच्या खुर्चीत होतास आणि मी बरोबर समोर होते. समोरून ते कसं दिसलं हे तुला कळायला हवं.

आधी हाडवाल्याने सांगितलं की एका नातेवाइकाने त्याला शिवी दिली आणि त्याने ती परत केली. हम्म. मग बाईंनी विचारलं, अजून कुणाला काही मांडायचंय का. तू खाकरलास, भाषणाआधी खाकरतात तसा. आणि म्हणालास, "मी एका फाइलमध्ये खोटं लिहिलं."

नऊ नंबरच्या आजी. पोटात दुखतं म्हणून दाखल, ऑपरेशन करायचं की थांबायचं ते ठरवण्यासाठी दर काही तासांनी पोटाला हात लावून बघायचं. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांची नोंद: 'पेशंट पाहिला. पोट मऊ.' पाहिलं कुणीच नव्हतं. दुपारी अडीचला सिस्टरने हात लावला तेव्हा पोट फळीसारखं झालेलं. आतड्याला भोक. संध्याकाळी ऑपरेशन झालं, चौथ्या दिवशी आजी गेल्या. त्यांची मुलगी त्या दिवशी सकाळी सहापासून पलंगाशी बसून होती. तिने लेखी तक्रार दिली की आठ वाजता कुणीही आलं नव्हतं.

नोंदीखाली दोन अक्षरांची सही. आपलं आडनाव एक, दोघांच्या नावाचं पहिलं अक्षर एक, आणि मी लहानपणी तुझ्या वह्या गिरवून लिहायला शिकले म्हणून वळणही एक. आपण दोघंही त्या दिवशी ड्यूटीवर होतो. नुसता कागद बघून ती सही कुणाची हे कुणालाच सांगता येत नव्हतं. ते तू दहा जणांसमोर, तक्त्यावरचा शेवटचा नियम डोळ्यांपुढे असताना, स्वतःहून सांगून मोकळा झालास. बाईंना वर कळवणं भागच होतं, हे तुला माहीत होतं. तू तसा मठ्ठ नाहीस.

सतरा तारखेला ये आणि सांग की बोलताना तुझा गोंधळ झाला. बस, एवढंच कर. बाकीचं माझं मी बघून घेईन.

धाकटी


८ मार्च, शनिवार

दादा,

तुझी चिठ्ठी मिळाली. "गप्प राहा. आईला जप. माझं शिकून झालंय, तुझं अजून व्हायचंय." एकूण दहा शब्द. खाली 'आशीर्वाद' लिहायचा तेवढा राहिला.

ठीक आहे. तुला लिहायचं नसेल तर मी लिहिते. ती सही माझी आहे.

हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही, पण आतापर्यंत ते कुठल्याच कागदावर नव्हतं. आता आहे. हा कागद मावशीच्या पलंगाखाली लपव नाहीतर फाडून टाक, मला फरक पडत नाही.

त्या दुपारी सिस्टरने आरडाओरडा केल्यावर मी तुला मागच्या जिन्यात गाठलं होतं. भिंतीला टेकून सांगितलं, "दादा, नऊ नंबरला मी गेलेच नाही." तू विचारलंस, का? मी म्हटलं, वेळ मिळाला नाही. वेळेचं काय ते पुढे लिहीन, नाहीतर नाही लिहिणार. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, बघू. तुझं 'बघू' मला लहानपणापासून माहीत आहे. त्याचा अर्थ असतो, तू आता मधे पडू नकोस.

रेडिओ आठवतो? आईचा, स्वयंपाकघरातल्या फळीवरचा. मी स्टुलावर चढून तो पाडला आणि आई यायच्या आत तू सांगून टाकलंस की तुझा धक्का लागला. आईने तुला जवळ घेतलं, निदान खरं तरी बोललास म्हणाली. खोटं बोलून खरेपणाची शाबासकी मिळवणारा माणूस मी तुझ्याशिवाय दुसरा पाहिलेला नाही. आणि मी? मला मार बसला नाही, कुणी रागावलंही नाही, पण त्यानंतर कित्येक दिवस मी त्या फळीखालून जाताना मान खाली घालत होते. तू मला पाठीशी घातलंस की काही उरत नाही, असं तुला वाटतं. सगळं उरतं. फक्त ते कुणाला सांगायची सोय राहत नाही.

बरं, खोटं बोलायचंच होतं तर धड तरी बोलायचं. तू त्या गोलात सगळं छान रचून सांगत आलास. मी फाइल उघडली, मी वेळ टाकली, मी लिहिलं. इथपर्यंत काही बिघडलं नाही, लिहिणारा पुरुष असो की बाई, 'लिहिलं' ते लिहिलंच. मग तू म्हणालास, "आणि नऊ नंबरला मी गेलेच नाही."

गेलेच. गेलोच नव्हे.

हाडवाला फस्सकन हसला. तूही हसल्यासारखं करून "गेलोच नाही" अशी दुरुस्ती केलीस. बाकीच्यांना वाटलं, बिचाऱ्याची ताणाने जीभ वळली. माझ्या कानशिलात बसल्यासारखं झालं. जिन्यातलं माझं वाक्य तू जसंच्या तसं उचलून आणलं होतंस, माझ्या क्रियापदासकट. चोरीसुद्धा नीट जमत नाही तुला. आणि हम्म बाई, ज्या खुर्ची सरकली तरी हम्म म्हणतात, त्या त्या क्षणी काहीही म्हणाल्या नाहीत.

मग प्रत्येकाने बोलणाऱ्याला एकेक वाक्य सांगायची वेळ आली. स्वतःबद्दलचं वाक्य, सल्ला नको. भूलवाली म्हणाली, मला भीती वाटली. हाडवाला म्हणाला, मला माझ्या फाइली आठवल्या. असं करत गोल माझ्यापर्यंत आला. सगळ्यांना माहीत होतं आपण भाऊबहीण आहोत. मी काय म्हणाले ते तुला सांगायला नको, तरी लिहिते, कारण ते मी अजून एकदाही मोठ्याने उच्चारलेलं नाही. "मला वाटतं, अशा डॉक्टरच्या हाती मी माझ्या आईला देणार नाही."

तू मान डोलावलीस. तासभर भाषण ऐकल्यावर डोलावतात तशी. तीन वाजता उठलास, ॲप्रन खुंटीला लावलास आणि थेट मावशीकडे निघून गेलास. त्या वाक्याबद्दल आपण बोललेलो नाही. ते मी स्वतःला म्हणाले होते, असं मी सतरा दिवस स्वतःला समजावते आहे. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं की तुला लागावं म्हणूनच मी ते बोलले. तू तिथे बसून माझी चूक अंगावर शालीसारखी पांघरून घेतली होतीस आणि सगळे तुझ्याकडे हळहळून बघत होते. मला तुला ओरबाडावंसं वाटलं. वाक्य तोंडातून निघाल्यावर मला फार बरं वाटलं, दादा, निदान दोनतीन मिनिटं.

परवा हम्म बाई मला क्ष-किरण विभागाच्या बोळात भेटल्या. हातात त्यांचा डबा होता. त्यांनी विचारलं, "तुमचे बंधू बोलताना असे नेहमी चुकतात का?"

मी म्हटलं, नाही.

"मी ऐकलेलं कळवू शकते, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "ओळखलेलं नाही." आणि डबा घेऊन निघून गेल्या. मला त्यांच्या मागे धावत जावंसं वाटलं आणि मी गेले नाही. लिफ्ट आली, मी वर वॉर्डात गेले आणि अकरा जणांची ड्रेसिंग केली.

म्हणजे तू तिकडे मान खाली घालून बसणार, बाई ओळखूनही गप्प राहणार, सिस्टर माझ्याकडे बघत राहणार आणि मी मूग गिळून ड्रेसिंग करत राहणार. ही तुझी योजना. वर मला सांगतोस, आईला जप. मला तुझा इतका राग कधी आला नव्हता. तू बाजूला हो. माझ्या चुकीच्या आणि माझ्या मधून बाजूला हो. फोन चालू कर.

राग अजून तसाच असलेली,
बहीण


१३ मार्च, गुरुवार

दादा,

तुझा फोन अजून बंद आहे, त्यामुळे हेही पत्रातूनच कळेल. कुरिअरने पाठवते आहे, उद्या दुपारपर्यंत हातात पडेल. शांतपणे वाच. मावशी जवळ असेल तर तिला बाहेर पाठव.

मंगळवारी आजींची मुलगी आली होती. कागदपत्रांच्या खिडकीशी रांगेत उभी होती. मी एका पेशंटची जुनी फाइल आणायला खाली गेले होते. तिने मला ओळखलं, म्हणजे वॉर्डातली कुणीतरी एवढं ओळखलं. ती शाळेचे गणवेश शिवते, तू तिच्याशी कधी बोलला नसशील. डाव्या हाताच्या बोटांना सुया टोचून टोचून घट्टे पडले आहेत. तिने मला बाकावर बसवलं आणि हळू आवाजात विचारलं, ते कबूल केलेले डॉक्टर कसे आहेत. म्हणाली, आई गेली त्या दिवसापासून मला एकच गोष्ट खात होती, की मी डोळ्यांनी बघितलं ते सगळे मिळून खोटं ठरवतील. त्यांनी तसं केलं नाही. एक माणूस उभा राहून म्हणाला, हो, मी गेलो नाही. आता मला तक्रार पुढे न्यायची नाही. त्यांना सांगा, मी माफ केलं.

तिने पर्समधून कागद काढून दाखवला. तक्रार मागे घेण्याचा अर्ज, सहीसकट. तो खिडकीत गेला की सगळं मिटलं असतं. तू परीक्षेला बसला असतास, मी वॉर्डात राहिले असते, आईला कधी काही कळलं नसतं. मी गप्प राहायचं होतं, बाकी काही करायचं नव्हतं. तुझ्या चिठ्ठीत हेच तर लिहिलेलं होतं.

मला काय वाटलं सांगू? तिची ती माफी तुला मिळत होती याचा मला हेवा वाटला. माझ्यात असला नीच हेवा आहे हे मला माहीत नव्हतं. ती माझी होती. मला मिळाली असती की नसती कोण जाणे, पण मागायची होती ती मला.

मी म्हटलं, "ते डॉक्टर खोटं बोलले. त्या दिवशी मीच आले नाही."

तिने तो कागद घडी करून परत पर्समध्ये ठेवला. चेन लावली. मला वाटलं ओरडेल, तशी माझी तयारी होती. ती म्हणाली, "आई तुमचीच वाट बघत होती. म्हणायची, थांब, चष्मेवाली येईल आता, ती ऐकून घेते." मग ती उठून गेली.

आता वेळेचं. वेळ मिळाला नाही असं मी तुला जिन्यात सांगितलं, ते खोटं आहे. आठला सरांचा राउंड असायचा, त्या दिवशी तो साडेआठवर गेला होता. मी एक ते आठ पलंग केले, मग दहा आणि अकरा केले. नऊ मुद्दाम गाळला. कारण आजी हात धरून ठेवायच्या. कुठे दुखतं विचारलं की त्या सुनेपासून सुरू करायच्या, मग गुडघे, मग पोट, मग पुन्हा सून. माझा हात त्यांच्या दोन्ही हातांत. आधीचे तीन दिवस मी ते ऐकलं होतं आणि तीनही दिवस पोट मऊ होतं. चौथ्या दिवशी मला कंटाळा आला. एवढंच आहे. मी दमले नव्हते, आजारी नव्हते, कुणी बोलावलं नव्हतं. त्या माझ्याकडे बघत होत्या, हे मला दिसलं होतं, आणि मी फाइली काखेत मारून पुढे गेले. मुलगी तेव्हा शेजारीच बसली होती. फाइलमध्ये मी सकाळी सातलाच ८.१० ची वेळ टाकून लिहून ठेवलं होतं, राउंडला सरांनी तेवढंच वाचलं.

आणि आता ते, जे मी दोन पत्रं टाळलं. तूही टाळलंस.

माझा पहिला दिवस. ड्यूटी रूममध्ये तू अकरा फाइलींचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवलास. म्हणालास, "हे बघ, आधी सगळ्यांचं 'पेशंट पाहिला, पोट मऊ' लिहून टाक. मग फेरी मार. काही वेगळं सापडलं तर खोड आणि दुरुस्त कर. सरांना फाइल कोरी दिसली तर सोलून काढतात." तू मला वाचवण्यासाठी हे शिकवलंस, हे मला कळतं. बाकीच्या नव्या पोरांना हे कळायला महिना लागला, मला पहिल्याच सकाळी कळलं. मी सगळ्यांना अभिमानाने सांगितलं होतं, माझा भाऊ इथे आहे म्हणून. तू तीन वर्षं हेच करत आलास आणि कधी सापडला नाहीस, कारण तू लिहून झाल्यावर फेरी मारायचास. मी नवव्या महिन्यात एक पलंग गाळला.

म्हणजे त्या बुधवारी तू साफ खोटं बोलत नव्हतास. 'मी' म्हणताना तुझ्या मनात तो गठ्ठा होता. मला हे दोन दिवसांपूर्वी, त्या बाकावर एकटी बसले असताना कळलं. मला वाटत होतं तू मोठेपणा मिरवतोयस. तू लपत होतास. माझी चूक पुढे धरून तिच्या मागे स्वतःची लपवत होतास, कारण माझी चूक एकदाच झाली होती आणि तुझी रोज होत होती. यावर मला तुझा राग यायला हवा, आणि येतोही. पण आधीच्या रागापेक्षा हा जरा बरा आहे, निदान तो देवमाणसाचा नाही, माणसाचा येतो.

काल सकाळी मी सरांकडे लेखी जबाब दिला. तीन वाक्यं आहेत, ती तुला लिहून पाठवते, म्हणजे सोमवारी समितीपुढे तुला धक्का बसणार नाही. 'सकाळी ८.१० ची नोंद मी लिहिली. मी त्या पेशंटकडे गेले नाही. न पाहता आधी लिहून ठेवण्याची पद्धत मला माझ्या भावाने शिकवली.'

तिसरं वाक्य मी दोनदा खोडलं होतं. सरांनी जबाब वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पहिल्या दोन वाक्यांत तो सुटतो," ते म्हणाले. "परीक्षेला बसेल. तिसरं लागतंच आहे का?" त्यांच्या आवाजात माया होती, आणि थोडी घाईही. मला वाटतं त्यांनीही त्यांच्या काळात असेच गठ्ठे उपसले असतील. मी म्हटलं, लागतं. परीक्षा झाली की तो लेक्चरर म्हणून इथेच राहणार आहे, मे महिन्यात नवे रेसिडेन्ट येतील आणि पहिल्या सकाळी तो त्यांच्यापुढे फाइली ठेवेल. तो फार छान शिकवतो, सर, पोरं त्याचं ऐकतात.  सरांनी कागदावर तारीख टाकून तो ठेवून घेतला.

माझं काय होईल ते मला कोणी सांगितलेलं नाही. एक वर्ष मागे टाकतील, नाहीतर घरी पाठवतील. तुझी परीक्षा या वेळी बहुतेक जाईल. मी तुला सोडवू शकत होते आणि सोडवलं नाही, हे मी समजून उमजून केलं आहे. रागाच्या भरात केलं असं कुणाला सांगू नकोस. मला माफ करायच्या भानगडीतही पडू नकोस, तुला ते फार पटकन जमतं. सोमवारी दहाला ये. जे तुझं आहे तेवढंच तुझं म्हणून सांग, माझ्यातलं काही घेऊ नकोस.

आईला आज दुपारी सगळं सांगितलं, तुझंही आणि माझंही.  शेवटी तिने एवढंच विचारलं, "पोटाला हात लावून बघायला वेळ किती लागतो गं?"

मी सांगितलं, अर्धं मिनिट. तिने फोन ठेवून दिला.

तुझी पहिली विद्यार्थिनी